चूल निवल्यावर

पोलादपूर मागे टाकून महाबळेश्वराच्या दिशेने निघालेला रस्ता आंबेनळी घाटाच्या चढणीला लागण्यापूर्वी ज्या गावांना शिवून जातो, त्यांपैकी कापडे हे आमचे गाव; येथूनच एक वाट तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठकडे फुटते, आणि परक्या माणसाला गावाची ओळख बहुधा त्या फाट्यापुरतीच असते. या गावच्या स्वयंपाकघरांत अलीकडे जी एक वस्तू स्थिरावली आहे, तिच्याविषयी लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. ती वस्तू म्हणजे काचेची शेगडी. काळ्या, गुळगुळीत काचेवर बसवलेले पितळी बर्नर, वर जाळ्या, पुढे बटणांची ओळ, आणि ज्या भिंतीला टेकून ती ओट्यावर मांडलेली असते त्या भिंतीवर जुन्या चुलीच्या धुराचा काळपट पट्टा दोनदोनदा चुना मारूनही अद्याप पुरता गेलेला नाही. वस्तू आली, परंतु तिला कसे वागवावे याचे ज्ञान तिच्याबरोबर आले नाही. मातीच्या चुलीचे शास्त्र आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे चालत आले होते. काचेच्या शेगडीला अशी आजी लाभलेली नाही.

माझ्या लहानपणी आमच्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. त्याचे रायगड झाले ते १९८१ साली. त्या काळी घरात अग्नी एकच, तो चुलीतला. आमच्या आजीचा दिवस चुलीतल्या राखेपासून सुरू होई. आदल्या रात्री राखेखाली पुरून ठेवलेला निखारा ती प्रथम हलकेच बाजूला काढी, कारण काडेपेटीची प्रत्येक काडी ही घराच्या हिशेबात मोजली जाणारी बाब होती. मग राख सुपलीत भरून तिचे दोन वाटे होत, एक चाळून भांड्यांसाठी ठेवावयाचा आणि दुसरा, जाडाभरडा, परसातल्या वांग्यांच्या आणि भोपळ्याच्या वेलाच्या बुडाशी टाकावयाचा. त्यानंतर शेण आणि तांबडी माती पाण्यात कालवून फाटक्या लुगड्याच्या बोळ्याने चुलीला आणि शेजारच्या वैलाला पोतेरे फिरे, ते वाळत आले की कपाळावर ओढावे तसे कुंकवाचे एक बोट चुलीवर ओढले जाई, आणि मगच पहिले लाकूड आत सरके.

हा झाला सकाळचा शिरस्ता. परंतु खरी कसोटी दुपारी लागे. जेवणे उरकली, भाकऱ्यांचे पीठ, उतू गेलेल्या पेजेचे ओघळ आणि कालवणाचे शिंतोडे चुलीच्या तोंडाशी करपून बसले, की आम्हा मुलींना ते ताबडतोब पुसून मोकळे होण्याची घाई असे. आजी ते होऊ देत नसे. तिचा दंडक एकच होता: चूल निवल्याशिवाय तिला पाणी लावायचे नाही. निवली की नाही हे पाहण्याची तिची रीतही ठरलेली होती. तळहात नव्हे, तर हाताची मागची बाजू चुलीच्या भिंतीजवळ नेऊन ती क्षणभर थांबे, कारण काम करून निबर झालेल्या तळहाताला जी धग कळत नाही ती मागच्या पातळ कातडीला कळते. या दंडकामागचे कारण तिने आम्हाला पुस्तकी भाषेत कधी सांगितले नाही, पण दाखवले मात्र एकदा स्पष्ट. तापलेल्या मातीवर ओले पोतेरे फिरले की वरचा थर झटक्यात आकसतो, आतला आपल्या उष्णतेसह तसाच राहतो, आणि दोहोंच्या ओढाताणीत भेग पडते. त्या भेगेतून पुढे कधीतरी ज्वाळ बाहेर डोकावते, आणि ज्या घराची भिंत कुडाची व छप्पर पेंढ्याचे, त्या घरात ही गोष्ट सगळ्या संसारावर बेतू शकते. चूल पोतारणे हे आमच्याकडे केवळ टापटिपीचे काम नव्हते. रोज चुलीची भेग पाहून ती लिंपण्याची ती तजवीज होती.

या चुलीविषयी मी मायेने लिहीत असले, तरी ती परत यावी असे मला मुळीच वाटत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीच्या या कुशीत दिवस दिवस सूर्य दिसत नाही, ऐन-किंजळाची लाकडे माळ्यावर ठेवूनही ओलसर राहतात, आणि फुंकणीला तोंड लावून बसलेल्या बाईच्या डोळ्यांतून वाहणारे पाणी व तिचा वर्षानुवर्षे न हटणारा खोकला यांचे मोल कोणत्याही चवीने भरून निघत नाही. भांड्याच्या बुडाला माती आणि राखेचे लेवण देऊनच ते चुलीवर चढवावे, म्हणजे काजळी लेवणावर बसते आणि भांडे वाचते, ही युक्ती बायकांना ठाऊक होती. आपल्या छातीला लावण्याचे लेवण मात्र कोणापाशी नव्हते.

पुढे वडिलांच्या गिरणीतल्या नोकरीमुळे आम्ही मुंबईला आलो. महाड-पोलादपूरकडच्या कितीतरी घरांचा तो रस्ताच होता. लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत चूल मांडणे शक्य नव्हते, म्हणून आईच्या हाती पितळी पंपाचा स्टोव्ह आला. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या स्वीडिश कारागिराने १८९२ साली घडवलेल्या प्रायमसच्या वंशातला तो, हे मला फार नंतर कळले. त्या वयात मला एवढेच दिसे की आई रविवारी त्याला चिंच आणि राखेने घासून लखलखीत करी आणि निपलात पिन घालताना तोंड दूर ठेवी. आजीचा दंडक तिने येथेही चालू ठेवला, फक्त त्याचे रूप पालटले. स्टोव्ह निवल्याशिवाय टाकीचे झाकण उघडावयाचे नाही, आणि पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतण्याचे तर नावही काढावयाचे नाही. शेजारच्या खोल्यांत एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या. दिवसभर त्यांचे स्टोव्ह भणभणत असत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशाच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्या बायकांच्या हातांवरचे भाजल्याचे डाग मला आजही आठवतात. वर्तमानपत्रांतून स्टोव्हच्या भडक्याच्या बातम्या वारंवार येत, आणि त्यांतल्या प्रत्येक मृत्यूचा दोष स्टोव्हचाच होता असे नव्हे, हे चाळीतल्या प्रत्येक सुनेला न सांगता कळत असे.

गॅसविषयी थोडक्यात सांगते. १९५५ साली बर्मा शेल कंपनीने मुंबईत स्वयंपाकाचा गॅस आणला; पण सामान्य कुटुंबाला अर्ज करून नंबर लागण्याची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि नंबर लागला की पेढे वाटले जात. कापड्यासारख्या गावांतल्या पुष्कळ घरांत सिलिंडर पोहोचायला मात्र त्याहून फार अधिक काळ गेला. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, त्यानंतर गावोगावच्या गरीब बायकांच्या नावे जोडण्या झाल्या. प्रारंभीच्या शेगड्या पोलादी पत्र्याच्या होत्या. त्या काथ्याने घासल्या काय, राखेने घासल्या काय, त्यांना त्याचे सुखदुःख नसे. काच आली आणि प्रश्न वेगळा झाला.

या काचेची प्रकृती समजून घेतल्याखेरीज तिची निगा राखता येणार नाही, म्हणून येथे थोडे थांबणे अवश्य आहे. गॅसच्या शेगडीवरची काच ही खिडकीची साधी काच नव्हे. ती सहाशे अंशांहून अधिक तापवून मग थंड हवेच्या झोतांनी एकाएकी निववलेली असते. वरचा थर आधी घट्ट होतो, गाभा मागाहून निवताना आकसू पाहतो, आणि त्या आकसण्याने वरचा थर कायमचा आवळला जातो. बैलगाडीच्या चाकावर तापवून चढवलेली लोखंडी धाव निवताना लाकूड आवळून धरते आणि चाक मजबूत करते, तसाच हा प्रकार. या आवळलेपणातच काचेचे सामर्थ्य आहे आणि तिचा धोकाही त्यातच आहे. साध्या काचेहून ती कितीतरी अधिक भार आणि ताप सोसते, परंतु तिच्या कडेला टवका उडाला, घासणीचा ओरखडा खोल गेला किंवा एका जागी तापलेल्या काचेवर गार पाणी पडले, तर आत कोंडलेला ताण एका क्षणात मोकळा होतो आणि सगळी काच एकदम बारीक तुकड्यांत विखुरते. कधीकधी हा स्फोट ओरखडा पडल्यानंतर पुष्कळ काळाने होतो, आणि मग लोक म्हणतात की काच आपोआप फुटली. शेगडीवरचा ओरखडा केवळ शोभेचा प्रश्न नाही, हे यासाठी लक्षात ठेवावयाचे.

आमच्या आळीत एका घरी गौरी-गणपतीत असेच झाले. मुंबईचे चाकरमानी आलेले, घर माणसांनी भरलेले, आणि एरवी चार माणसांच्या भाताला पुरणाऱ्या शेगडीवर दोन मोठी पातेली एकमेकांना भिडवून सकाळपासून चढवलेली. पातेल्याचा घेर बर्नरहून फार मोठा असला की ज्वाळेची धग त्याच्या बुडावर आपटून खाली काचेवर परतते. वाफ कोंडते, हवा खेळत नाही, आणि काच तास दोन तास तापत राहते. खिरीचे दूध उतू गेले. घरच्या सुनेने पातेले उतरवले, गॅस बंद केला आणि पाहुण्यांसमोर ओटा घाण दिसू नये या सद्भावनेने ओला फडका पिळून काचेवर टाकला. पत्र्यावर दगड पडावा असा आवाज झाला. सुदैवाने तिच्या डोळ्यांना काही झाले नाही, हातावर दोन ठिकाणी लागले. तिला कोणी दोष देऊ नये, असे मला मनापासून वाटते. तिच्या सासूने तिला चुलीचा दंडक शिकवलाच असेल. परंतु गॅस बंद केला की अग्नी संपला, असे डोळ्यांना दिसते, आणि काळ्या काचेचा ताप डोळ्यांना मुळीच दिसत नाही. शेगडीबरोबर आलेल्या कागदावर ही सूचना होती. तो कागद इंग्रजीत होता.

मी शेगडी कशी पुसते ते सांगते. स्वयंपाक झाला की बटणे बंद आणि सिलिंडरवरचा रेग्युलेटरही बंद. मग जेवणे. जेवण होऊन मागची झाकपाक होईपर्यंत काच निवते, तरी आजीप्रमाणे हाताची मागची बाजू काचेजवळ नेऊन खात्री करून घेते. जाळ्या, बर्नरखालच्या ताटल्या आणि बर्नरच्या टोप्या उचलून कोमट पाण्यात भांड्याच्या साबणात टाकते. काचेवर करपून बसलेला डाग असेल तर त्यावर झटापट करीत नाही. खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून त्याचा लेप डागावर देते, वर कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला सुती फडका पसरते आणि पाव तासाने पाहते. बहुतेक डाग तेवढ्यात आपली पकड सोडतात. तारेची घासणी, राख, वाळू किंवा भांडी घासण्याची भुकटी यांपैकी काही काचेला लावीत नाही. हात गोल फिरवीत फडक्याने लेप काढावयाचा, दुसऱ्या ओल्या फडक्याने सोड्याचा पांढरा अंश टिपावयाचा आणि कोरड्या फडक्याने शेवट करावयाचा. पाणी कधीही शेगडीवर ओतावयाचे नाही. बर्नरच्या भोकावाटे ते आत उतरले तर नळीत आणि बटणांत जाऊन बसते. बर्नरच्या टोपीतली छिद्रे सुईने मोकळी करून, टोपी पुरती वाळवून, खाचेत नीट बसवावयाची. ही शेवटची गोष्ट बायका फार घाईने करतात. टोपी तिरकी बसली किंवा छिद्रे बुजली की ज्योत निळी न राहता पिवळी पडते, भांड्याची बुडे काळी होतात, आणि अपुऱ्या जळण्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू, ज्याला रंग नाही आणि वास नाही, खिडक्या बंद असलेल्या घरात साचतो. आमच्याकडे पावसाळ्यात खिडक्या बंदच असतात.

मुलगी फ्रँकफुर्टला स्थायिक झाल्यानंतर तिच्या घरी मी काचेची दुसरी जात पाहिली. तेथे ज्योतच नाही. सपाट काळ्या पृष्ठभागावर वर्तुळे आखलेली, खाली विजेची तार लालभडक होते आणि काचेतूनच भांडे तापते. हे द्रव्य काच आणि स्फटिक यांच्यामधले आहे. अमेरिकेत कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी यांच्या हातून १९५३ साली भट्टी ठरल्यापेक्षा तीनेकशे अंशांनी अधिक तापली, आत ठेवलेली काच वितळून वाहण्याऐवजी दुधी, कठीण झाली, आणि चिमट्यातून निसटून जमिनीवर पडली तरी फुटली नाही. त्या घटनेतून या द्रव्याचा शोध लागला. मुलीच्या घराजवळच ऱ्हाइनकाठी माइंत्स येथे शॉट कंपनीचे ठाणे आहे, आणि युरोपातल्या कितीतरी स्वयंपाकघरांतली ही काच त्या कंपनीची असते. हिच्यातले सूक्ष्म स्फटिक तापल्यावर आकसतात आणि भोवतालची काच प्रसरते. दोहोंची बेरीज जवळजवळ शून्य होते, म्हणून गरम-गारच्या धक्क्याने ती सहसा तडकत नाही. तरीही तापलेल्या काचेवर ओला फडका टाकू नये, कारण उसळलेली वाफ हात भाजते. विजेची धग बंद झाल्यावरही बराच वेळ एक लाल दिवा जळत राहतो. काच अजून तापलेली आहे, हे तो सांगतो. आजीच्या हाताच्या मागच्या बाजूचे काम तो दिवा करतो, हे पाहून मला त्या परक्या घरात एकदम आपलेपण वाटले.

संक्रांतीसाठी मुलगी तिळगुळाचा पाक करीत होती. पाक फुगून कडेने उतला आणि काचेवर पसरला. मी म्हटले, "राहू दे बाई, निवू दे आधी." तिने मान हलवली, "नाही आई, साखरेला थांबायचं नसतं." पातेले उचलून बाजूला ठेवून तिने आच बंद केली, हातात जाड मोजा चढवला आणि धारदार पाते बसवलेली खरवडणी जवळजवळ आडवी धरून तो चिकट पाक गरम असतानाच कडेकडे ओढीत आणला, थंड भागावर घेतला आणि मग काढून टाकला. साखर किंवा गूळ या काचेवर निवताना तिला इतका घट्ट धरून आकसतो की काढताना काचेचे कण उपटून येतात आणि तेथे कायमची खळी राहते. एवढ्या एकाच बाबतीत आजीचा दंडक मागे घ्यावा लागतो, आणि तोही हातात मोजा आणि मनात सावधपणा असेल तरच. मूल जवळ असेल तर ते दूर नेऊन मग. आपल्या गॅसच्या शेगडीवरची काच एवढी तापत नाही, म्हणून तेथे पाकालाही आधी निवू द्यावे आणि कोमट फडक्याने विरघळवावे. पुरणपोळी, चिक्की आणि लाडू करणाऱ्या आपल्या घरांना हा भेद माहीत असणे फार अगत्याचे आहे.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगितली पाहिजे. लख्ख करण्याच्या हौसेने शेगडीवर संडासाचे ॲसिड किंवा कपड्यांचे ब्लीच वापरणारी माणसे मी पाहिली आहेत. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीचमध्ये अमोनिया असलेला काच पुसण्याचा द्रव पडला तरी विषारी वाफा निघतात. लहान, बंद स्वयंपाकघरात त्या छातीत गेल्या की श्वास कोंडतो. काचेसाठी सोडा आणि साबण पुरेसा आहे. पाण्याचे पांढरे डाग उरलेच तर, सोडा पुसून झाल्यानंतर, पांढरा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस फडक्यावर घेऊन फिरवावा. शेगडीमागची रबरी नळी मात्र पुसताना रोज डोळ्यांखालून घालावी. ती उंदराने कुरतडलेली नाही ना, तिला भेग नाही ना, हे पाहावे आणि पाच वर्षांनी ती बदलावी. गळतीचा संशय आला तर साबणाचा फेस लावून पाहावे, काडी ओढून कधीही नव्हे.

महाड आणि पोलादपूरच्या बाजारपेठेत शेगड्या विकणाऱ्या दुकानदारांना माझी नम्र विनंती आहे. गिऱ्हाइकाला बिल आणि हमीपत्र देता, त्याबरोबर मराठीत छापलेला एक कागद द्या. काच निवल्याशिवाय पाणी लावू नये, बर्नरहून फार मोठे पातेले तासन्‌तास चढवू नये, तारेची घासणी लावू नये, ॲसिड आणि ब्लीच ओट्यावर आणू नये, एवढे चार ठळक ओळींत लिहा. ज्यांना वाचता येत नाही अशा बायका या खोऱ्यात अजून आहेत. त्यांना ते वाचून दाखवा, त्याला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. गॅस हवेहून जड असतो आणि जमिनीलगत साचतो, म्हणून वास येताच रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणाला हात लावू नये, आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तो त्या कागदाच्या अगदी माथ्यावर, मोठ्या अक्षरात छापा.